गळका मांडव

मांडव गळलाच पाहिजे, अशी अट घालणारं गिऱ्हाईक मला आयुष्यात एकच भेटलं. मोझेसकाका.

मी मांडववाला. चौथीत दोनदा बसलो, मग मास्तर म्हणाले, "बाळू, तू आता घरीच बस." बसलो नाही, बांबूवर चढलो. लग्न, गणपती, जयंती, बारसं, दहावं, सगळीकडं माझेच बांबू. काही वर्षांपूर्वी काकांनी मला नाशिकरोडच्या त्यांच्या बिल्डिंगच्या गच्चीवर बोलावलं. रेल्वेत गार्ड होते, रिटायर झालेले. पांढरा शर्ट, डोक्यावर गोल टोपी. टोपी बघून मी सलाम आलेकुम ठोकला.

"वालेकुम," काका म्हणाले. "पण मी ज्यू आहे. तसा जवळपास आलास."

ज्यू म्हणजे काय, मला कुठं माहीत. म्हणलं, "मुंबईकडचे का?"

"कोकणातले. आमच्या पूर्वजांचं गलबत तिथं फुटलं, तेव्हापासून मराठीतच भांडतो."

त्यांचा मांडवांचा सण होता. आठवडाभर मांडवात बसून जेवायचं. पावसाचा भरवसा नव्हता, म्हणून मी डबल ताडपत्री घातली, दोऱ्या अशा ताणल्या की वाजवल्या तर सूर निघेल. म्हणलं, "काका, एक थेंब आत आला तर मिशी काढीन."

काका बराच वेळ वर बघत राहिले. "बाळू, तारे दिसत नाहीत."

"दिसतील कसे? ताडपत्री आहे."

"मग काढ ती. छप्पर झाडपाल्याचं पाहिजे, आणि त्यातून आभाळ दिसलं पाहिजे."

"आणि पाऊस आला तर?"

"ताट उचलून घरात पळायचं. तेवढी सूट आहे. देव आहे तो, टीसी नाही."

सगळा दिवस घालवून बांधलेलं मीच सोडलं. मग दुसऱ्या दिवशी सकाळी दिंडोरीकडं गेलो. तिकडं द्राक्षाची छाटणी चालू होती, काड्यांचे ढीग बांधावर पडलेले. टेम्पो भरून आणल्या आणि पहिल्यांदा, माझ्या हातानं, भोकं राखून छप्पर केलं. खालून सगळे मजूर हसत होते.

संध्याकाळी काका म्हणाले, "इथं रोज एक पाहुणा येतो. आज आब्राहाम, उद्या इसहाक, परवा याकोब." म्हणलं, मोठी माणसं दिसतात. गोडाऊनमधून नवरदेवाची लाल मखमली खुर्ची आणली आणि केस ओले करून जिन्यात उभा राहिलो. एक गृहस्थ भाजीची पिशवी घेऊन वर आले. मी हात जोडले, "या आब्राहामशेठ." ते सोसायटीचे सेक्रेटरी देशपांडे निघाले.

काकांच्या बायकोनं, रेचलकाकूनं, हसून हसून डोळ्याला पदर लावला. "अरे, ते वारले. हजारो वर्षं झाली."

"मग खुर्ची परत नेऊ का?"

"राहू दे," काका म्हणाले. "वारलेला माणूस जागा अडवत नाही."

तेव्हापासून दरवर्षी मांडव माझा. काकांचे विनोदही दरवर्षी तेच. "आमचा मोठा उपास झाला की वर्षाची सगळी पापं धुऊन निघतात. आणि चारपाच दिवसांत लगेच मांडव. का? हात रिकामे राहिले तर माणूस नवी पापं करेल." पहिला घास घ्यायच्या आधी प्रार्थना म्हणायचे आणि मग हळूच, "लाईन क्लियर." जेवताना स्टेशनकडून भोंगा आला की घास तसाच हातात. "लेट आहे," म्हणायचे, आणि चेहऱ्यावर असं समाधान, की ती गाडी लेट झाली ती खास त्यांच्यासाठी. बशीतून चहा, वर काड्यांमधून एखादा तारा, खाली गार फरशी. एवढ्यात हा माणूस राजा. मी लाखालाखाचे मांडव घातले, पण एकाही मांडवात मालक असा बसलेला बघितला नाही.

यंदा श्रावणात काकूला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. दिंडोरी रोडला एका सेवाकेंद्रात ठेवलंय. काका रोज दोन बस बदलून जातात. मुलगा तिकडं इस्रायलमध्ये. तो फोनवर तोंड दाखवतो, तर काकू भिंतीकडं बघावं तशी फोनकडं बघते.

सण जवळ आला तसे काका माझ्या गोडाऊनला आले. "बाळू, यंदा गच्ची नको. तुझ्या टेम्पोवर मांडव होईल का?"

म्हणलं, "काका, टेम्पोवर डीजे बसतो. देव बसतो का, माहीत नाही."

"चालतो. मी मुंबईला आमच्या धर्मगुरूंना विचारून घेतलंय."

मग बांबूच्या ढिगावर बसले. मला वाटलं आता विनोद येईल.

"ती मला ओळखते की नाही, कळत नाही रे," म्हणाले. "मांडव ओळखेल, असं वाटतं."

मांडव बांधला. सणाच्या मधल्या एका दिवशी निघालो. काकांना म्हणलं केबिनमध्ये बसा, तर नाही. मागं मांडवात उभे राहिले, एक हात बांबूला, दुसऱ्यात डबा. निमाणी बसस्टँडजवळ ट्रॅफिकवाल्यानं थांबवलं.

"कुठली मिरवणूक?"

"ज्यू लोकांची, साहेब."

"लोक कुठायत?"

मी मागं बोट दाखवलं. त्यानं काकांना बघितलं, वरच्या काड्या बघितल्या, आणि हातानंच जा म्हणला.

सेवाकेंद्राच्या अंगणात टेम्पो लावला. व्हीलचेअर वर चढवायला फळी मी बांधली होती, त्यामुळं तिच्यावरून पहिला मीच घसरलो. तिथल्या मावशींनी आणि काकांनी काकूला वर घेतलं, मी खालून माझा गुडघा चोळत सूचना दिल्या. काकूच्या पुढं, खुर्चीच्या दोन्ही हातांवर आडवा पाट ठेवला. डब्यातला नारळाच्या दुधाचा हलवा ताटलीत काढला. काकांनी स्वतः घोटलेला, जागोजाग गुठळ्या. त्यांनी प्रार्थना म्हणली, "लाईन क्लियर" म्हणले आणि चमचा पुढं केला.

काकूनं तोंड उघडलं नाही.

काकांनी चमचा खाली ठेवला. मग पापांचा विनोद सांगितला. मग टीसीचा. मग आब्राहामशेठचा, त्यात मी होतो म्हणून मी जोरात हसलो. एकटाच. भाड्यानं आणल्यासारखा. काकू समोर एका जागी बघत होती. तिच्या पदरावर काड्यांच्या सावल्या हलत होत्या, ती त्यांच्याकडंही बघत नव्हती.

काकांनी परत चमचा उचलला. परत ठेवला. "गोड कमी पडलं असेल," म्हणाले.

मावशी म्हणाल्या, "काका, आता आत न्यायला पाहिजे. डॉक्टर येतील."

"हो, हो. न्या." काका डब्याचं झाकण शोधायला लागले. ते त्यांच्या पायाशीच होतं.

मी वर चढलो आणि खुर्चीचा ब्रेक काढायला काकूसमोर वाकलो. तेवढ्यात पाटावर काहीतरी घासल्याचा आवाज आला. काकूचा डावा हात. हलव्याची ताटली धरून तो हळूहळू सरकत होता, माझ्याकडं. मला वाटलं पडतेय, म्हणून मी ताटली धरली. तर तिनं सोडली नाही. अजून थोडी पुढं ढकलली. मग एका बोटानं ताटलीच्या काठावर टकटक केलं आणि माझ्या तोंडाकडं बघत राहिली.

मी सकाळपासून उपाशीच होतो. टेम्पो बांधायच्या नादात भाकरी राहून गेली होती. मी कुणाला बोललो नव्हतो.

"काका," मी म्हणलं.

"बघितलं," काका म्हणाले. "खा. ती सांगतेय ना, खा."

मी तिथंच फळीवर बसून खायला लागलो. काकांनी आमच्याकडं पाठ केली आणि कोपऱ्यातल्या बांबूची गाठ सोडून परत मारायला घेतली. गाठ पक्की होती. मीच मारलेली. गुठळ्यांसकट सगळा हलवा संपवला, आणि काकू बघत होती म्हणून ताटली चाटूनपुसून तिला दाखवली.