मेसच्या दारातले परब

परब आमच्या हॉस्टेलच्या मेसच्या दारात उभे राहायचे, ते आत येणाऱ्यांच्या स्वागताला नव्हे, बाहेर पडणाऱ्यांना अडवायला. ताटात घास उरलेला दिसला की हात आडवा. "पानात टाकूक तुका आवशीन शिकवल्यान काय? बस खाली!" मग तो भावी इंजिनिअर पंजाबचा असो की मद्रासचा, मुकाट्याने परत बसून दुधी संपवायचा. मालवणी कुणाला कळत नसे, पण आडवा हात सगळ्यांना कळे.

हे पवईचं, ऐंशीनंतरच्या वर्षांतलं. परब मेसचे सुपरवायझर. बायको लवकर गेलेली, मूलबाळ नाही. मेसमागच्या खोलीत एकटेच राहत. इंजिनिअर या जातीवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. "शंभर इंजिनेर ऱ्हवतत, आणि पंखो दुरुस्त करूक भांडुपसून वायरमन येता!" डोक्यावरून विमान गेलं की मान वर करून म्हणायचे, "चलली तुमची गाडी." आमच्यातले निम्मे अमेरिकेला जायचे आणि तिथून परबांना कुणीही साधं पत्रसुद्धा टाकायचं नाही.

माझ्यावर राग जरा जास्तच, कारण मी देवगडचा, म्हणजे त्यांच्या बाजूचा. गिरणी बंद पडल्यावर माझे वडील गावी परतले आणि पुढे अंथरुणालाच खिळले. पदवीदानाला घरचं कुणी येणार नाही, हे मी परबांना सहज बोलून गेलो.

"बरा झाला," ते म्हणाले. "दोन ताटा कमी."

समारंभाच्या दिवशी आम्ही काळे झगे घालून सभागृहाबाहेर उभे होतो. पाहतो तर परब! पांढरा इस्त्रीचा शर्ट, केस तेल लावून चोपलेले, पायांत नवे बूट. बूट चावत असावेत, लंगडत आले आणि माझ्या शेजारी उभे राहिले. माझा पार्टनर समीर, त्याची पार्ल्याहून आलेली आई समोरच होती. तिने हसून विचारलं, "हे तुझे बाबा का रे?"

परबांनी माझ्याकडे बघितलं.

"छे हो!" मी म्हटलं. "आमच्या मेसमधले आहेत." आणि वर हसलो.

"होय, मेसमधलाच," परब त्या बाईंना म्हणाले. इतकं स्वच्छ पुस्तकी मराठी मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं. "जेवणाचं सांगायला आलो होतो. पाहुण्यांची पंगत एक वाजता."

आणि गेले.

एक वाजता तेच वाढत होते. मी म्हटलं, "परबकाका, सकाळी मी..."

"भात घे," ते म्हणाले आणि पुढच्या पानाकडे वळले.

आठवड्याने मी गावी गेलो. वडिलांनी उशीखालून एक पोस्टकार्ड काढून दाखवलं. हॉस्टेलच्या ऑफिसातून पत्ता मिळवून परबांनी समारंभाआधीच लिहिलं होतं: तुमच्या जागी मी जाऊन बसलो तर चालेल काय?

"मी लगेच होय म्हणान कळवलंय," वडील म्हणाले. "बसले मा रे ते माझ्या जागेर?"

"बसले," मी म्हटलं.

"टाळये वाजवल्यानी?"

"खूप."