शेलार मास्तरांचं ईथर

शेलार मास्तरांसमोर 'रिकामं' हा शब्द काढायची सोय नव्हती. लोणंदच्या शाळेत ते विज्ञान शिकवत, मी मराठी. मधल्या सुट्टीत मी सहज म्हणायचो, "मास्तर, कप रिकामा झाला, अजून घेणार?"

"आवं, च्या संपला म्हणा. कप रिकामा कसा हुईल? ईथर हाय की त्यात!"

हे ईथर म्हणजे काय, ते त्यांनी मला तीनशे वेळा तरी सांगितलं असेल. लाट पाण्यातून जाते, आवाज हवेतून जातो. मग सूर्याचा प्रकाश एवढ्या पोकळीतून कशावर बसून येतो? "मधी कायतरी पायजेच!" असं म्हणून ते टेबलावर थाप मारत. ते न दिसणारं, सगळीकडे भरलेलं काहीतरी म्हणजे ईथर. एकदा सहावीतल्या एका वस्तादानं कोरा पेपर दिला आणि वर लिहिलं, 'यात ईथर आहे.' मास्तर पोट धरधरून हसले आणि खाली शेरा मारला, 'शून्य. त्यातही आहे.'

दुसरं महायुद्ध संपलं त्या वर्षी तपासणीला साहेब आले. ईथरचा धडा ऐकून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"अहो, हे कधीच निकालात निघालं. नवं पुस्तक वाचलं नाही?"

"वाचलं, साहेब. तीनदा."

"मग?"

एरवी तासभर भांडणारा माणूस खडूकडे बघत उभा राहिला. साहेब गेल्यावर हेडमास्तरांनी बजावलं, उद्या वर्गात दुरुस्ती झाली पाहिजे.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम मागच्या बाकावर जाऊन बसलो. मास्तरांनी फळा पुसला.

"पोरांनो, लय हुशार मान्सांनी ईथर हुडकलं. गावलं न्हाई. प्रकाशाला मधी कायबी लागत न्हाई. मी तुमाला चुकीचं शिकवलं. चूक माझी."

त्या दिवशी ते चहाला आले नाहीत. शाळा सुटल्यावर मी त्यांच्या खोलीवर गेलो. बायको वारल्यापासून ते एकटेच राहत. उंबऱ्याशी घोंगडं टाकून बसले होते.

"एवढं काय मनाला लावून घ्यायचं, मास्तर?"

ते घोंगड्याचं टोक चाचपत राहिले. मग म्हणाले, "माझा किसन पलटनीत हाय, ठावं हाय न्हवं? बर्माला. दीड वर्स झालं, पत्र न्हाई. पलटनीचा कागूद आला, गावत न्हाई म्हणून."

मला मुलगा पलटणीत असल्याचं ठाऊक होतं. कागदाचं त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं.

"तळ्यात ह्या कडंला बोट बुडवलं, तर त्या कडंला पानी हलतंय. मी म्हणायचो, त्याच्या आन् माझ्या मधी बी कायतरी असंल. हितं मी हललो तर तितं त्याला कळत असंल. आन् आज माझ्याच तोंडानं सांगून आलो, मधी काय न्हाई."

मला विज्ञानातलं ओ की ठो कळत नाही. तोंडाला आलं ते बोलून गेलो, "पण मास्तर, मधे काही नसलं तरी प्रकाश पोचतोच ना?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"पोचतो," ते म्हणाले. "पन लय येळ लागतो, गड्या."

इतक्या वर्षांत ते मला पहिल्यांदाच गड्या म्हणाले. त्यांनी सरकून घोंगड्यावर जागा केली. मी बसलो.