माझ्या मुलाखतीचे प्रॉम्प्टर

आमच्या शेजारच्या शालिककाकांसमोर बोलताना मध्येच थांबायची सोय नाही. तुम्ही श्वास घ्यायला थांबलात, तरी तुमचं पुढचं वाक्य ते दबक्या आवाजात तुम्हाला पुरवतात. अड्याळच्या बाजारात भाजीवाली भाव सांगताना अडखळली, की काका भाव सांगतात, आणि तो नेहमी तिच्याच फायद्याचा असतो. माझ्या भावाच्या लग्नात भटजी मंगलाष्टकात क्षणभर अडले. काका मागच्या रांगेतून ओळ देऊन मोकळे. भटजींनी ती मुकाट्याने घेतली.

सवय जुनी आहे. झाडीपट्टीतल्या नाटकांत काकांनी उभा जन्म प्रॉम्प्टर म्हणून काढला. दिवाळीनंतर गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते, रात्रभर नाटकं चालतात. आज इथे राजा आणि उद्या दुसऱ्या गावी डाकू व्हायचं, तर पाठांतर करणार कोण? मग विंगेत बसलेला प्रॉम्प्टर सगळं नाटक कुजबुजतो आणि नट तेच गर्जून म्हणतात. खलनायकाचं हसूसुद्धा आधी आपण हसायचो, असं काका अभिमानाने सांगतात. पुढे काकू गेल्या, गुडघे गेले, नाटकं सुटली, आणि सगळं गाव त्यांचा नटसंच झालं.

यात सर्वांत हौशी नटी मी निघाले. आयर्लंडमध्ये मी अन्नतंत्रज्ञानात एम. एस्सी. केलं. शिकून झाल्यावर नोकरी शोधायला व्हिसावर थोडी मुदत मिळते. माझी संपत आली होती. वर्क परमिटचं नाव काढलं, की कंपन्या अगदी सभ्य भाषेत हात झटकायच्या. भावाच्या लग्नाला म्हणून गावी आले आणि नेमकं एका दूध पावडरच्या कंपनीचं बोलावणं आलं, व्हिडिओवर मुलाखतीचं. ही संधी हुकली असती, तर परत जायचं ते फक्त सामान आवरायला.

घरात पाहुण्यांचा गोंधळ होता, म्हणून मी काकांची पुढची खोली मागितली. काकांनी खोलीबरोबर स्वतःलाही देऊन टाकलं. म्हणाले, “मुलाखत म्हंजे नाटकाचा प्रवेशच होय माय. तालीम पाहिजे.”

इंग्रजी त्यांना येत नाही. पण माझी उत्तरं ऐकून ऐकून त्यांनी पाठ केली, माझ्या श्वासासकट. मी “आय ॲम” वर अडकले, की काका “अ क्विक लर्नर” असं राजदरबारी थाटात पुरवत. मला हसू आवरायचं नाही. “हासू नको, पुढचं घे,” असं ते दटावत. आठवडाभरात माझी भीती कुठल्या कुठे पळाली. मला चक्क मुलाखतीची घाई झाली.

एक प्रश्न नक्की येणार होता. परमिटचा खटाटोप करणारी कंपनी विचारणारच, की तुम्ही आयर्लंडमध्येच राहणार की परत जाणार? मी उत्तर घोटून ठेवलं होतं, “आय वॉन्ट टू बिल्ड माय लाइफ हिअर.” मला आता माझं आयुष्य इथेच मांडायचं आहे, असा त्याचा अर्थ मीच काकांना सांगितला होता. तालमीत ते हेही खणखणीत म्हणत.

मुलाखतीच्या दिवशी काका इस्त्रीचा सदरा घालून, लॅपटॉपच्या मागे, कॅमेऱ्याच्या नजरेबाहेर पाटावर बसले. पडद्यावर एक बाई आणि एक साहेब. पहिलं उत्तर फक्कड गेलं. दुसऱ्याला काकांनी इतक्या जोरात वाक्य दिलं, की बाईंनी विचारलं, खोलीत आणखी कोणी आहे का? मी खरं ते सांगून टाकलं, की शेजारचे काका आहेत आणि त्यांना माझ्याहून जास्त उत्साह आहे. बाई हसल्या आणि मला काकांना पाहायचंय, असं म्हणाल्या. काकांनी पडद्याला वाकून नमस्कार केला आणि ते परत पाटावर बसले.

मग तो प्रश्न आला, आणि माझं डोकं कोरं झालं. मी काकांकडे पाहिलं. ते माझ्याकडेच बघत होते, पण ओठ मिटलेले. शेवटी मीच माझ्या मोडक्यातोडक्या शब्दांत सांगितलं, की मला राहायचं आहे.

मी निघायच्या आदल्या दिवशी मेल आला. नोकरी मिळाली होती आणि परमिट कंपनीच काढणार होती! मी नाचायचीच बाकी होते. काका तर पेढ्यांचा डबा घेऊन “आपली मुलाखत पास झाली” असं साऱ्या आळीला सांगत फिरले.

संध्याकाळी मी त्यांना चिडवलं, “काका, एवढी तालीम केली आणि ऐन वेळी तेच वाक्य विसरलात?”

काका डब्याचं झाकण लावत बसले. ते काही केल्या लागेना.

“विसरलो नाही माय,” ते म्हणाले. “तालमीत ते नाटकातलं वाक्य होतं. त्या दिवशी समोरचे लोक खरंच ऐकून राहिले होते.”