दामूशेठचं ऐतिहासिक शहर

दामूशेठ म्हात्रे यांना पत्ता विचारायला निघालेला माणूस दिसला, की मी लांबूनच हात हलवून त्याला अडवतो. दामूशेठ पत्ता सांगत नाहीत असं नाही. फार मन लावून सांगतात. वडाशी डावीकडे, मग उंडीच्या झाडाखालून सरळ, आणि भिकल्याच्या गोठ्याशी वळलात की समोर तुमची बिल्डिंग. यात अडचण एवढीच, की वड नाही, उंडी नाही आणि गोठाही नाही. वडाच्या जागी एटीएम आहे, उंडीच्या जागी केकचं दुकान आणि गोठ्याच्या जागी विजेचा ट्रान्सफॉर्मर. पण दामूशेठच्या डोळ्यांना यातलं काहीच दिसत नाही.

मला याचा प्रसाद रोडपालीत राहायला आलो त्याच दिवशी मिळाला. सामानाचा टेम्पो पुढे गेला होता, मी आणि माझी बायको सुनंदा मागून रिक्षाने येत होतो. टेम्पोवाल्याने नेमकं दामूशेठना विचारलं, आणि आमचा फ्रिज, कपाट, गाद्या आणि लिंबाच्या लोणच्याची बरणी दुपारपर्यंत लोखंडाच्या बाजारात ट्रेलरांच्या रांगेत उभी राहिली. मी तावातावाने भांडायला गेलो. दामूशेठनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, ड्रायव्हरला वड दिसला नाही का. मी म्हटलं, तिथे वड नाहीच आहे. तर म्हणाले, ‘‘आता नाय.’’ वड जरा बाजारात गेलाय आणि येईलच इतक्यात, असा त्यांचा सूर होता. मग त्यांनी माझ्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि ते वाक्य उच्चारलं, जे मी पुढे दहा वर्षं ऐकत आलो: ‘‘तुमी आत्ता आलाव.’’

हे त्यांचं हुकमी वाक्य. वाद कशावरही असो, पाण्याच्या वेळेवरून, गणपतीच्या मांडवावरून, पापलेट ताजं आहे की नाही यावरून, समोरच्याला ‘तुमी आत्ता आलाव’ म्हटलं की दामूशेठच्या बाजूने निकाल लागला. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी पंधरा वर्षं इथे आहेत. तेही आत्ताच आलेत. मला या वाक्याचा भयंकर राग यायचा. फ्लॅट माझा, नाव माझं, आणि पाहुणाही मीच.

माणूस दिसायला बुटका, सावळा, कडक इस्त्रीचे पांढरे कपडे, पांढरे बूट आणि गळ्यात गोफ. गाव त्यांचं मूळचं रोडपाली. गावठाण राहिलं, पण म्हात्र्यांचं घर गावठाणाबाहेर शेतावर होतं. नवं शहर वसताना शेतं गेली आणि शेतांबरोबर ते घरही गेलं. वर मातीचा भराव पडला, रस्ते आले, बिल्डिंगी आल्या. त्या बदल्यात मिळालेल्या प्लॉटवर, आमच्या समोरच, दामूशेठचा तीन मजली बंगला उभा आहे. आत संगमरवर, फाटकावर दोन सिमेंटचे सिंह. मुलगा नरेश ट्रेलरच्या धंद्यात, त्याला बापाच्या आठवणी ऐकायला वेळ नाही. ‘‘बाबा, आता इसरा,’’ एवढंच त्याचं म्हणणं.

आणि त्यांची बायको, हिराबाई. त्या बाईंना जुन्या घराबद्दल कधी चकार शब्द काढताना मी ऐकलं नाही. नऊवारी नेसून रोज सकाळी मासळी आणायला जायच्या, मुकाट्याने परत यायच्या. त्यांचीही एक तऱ्हा होतीच. बाजारातून येताना ट्रान्सफॉर्मरच्या वळणावर त्या चपला काढून हातात घ्यायच्या आणि थोडं पुढे गेल्यावर परत घालायच्या. सुनंदाने एकदा त्यांना मऊ चपलांचं चांगलं दुकानही सुचवलं होतं. त्यांनी मान हलवली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चपला हातात. या घरात सगळेच तसले, म्हणून मी सोडून दिलं.

आता मुख्य प्रकरणाकडे येतो, आणि त्याला कारण झाले माझे नागपूरचे साडू विलासराव. ते सुट्टीत आले आणि त्यांना एका दिवसात एखादं ऐतिहासिक शहर बघायचं होतं. एक्स्प्रेस वे तेव्हा नवा होता आणि तो सुरूच आमच्या रोडपालीशेजारच्या कळंबोलीतून होतो, तेव्हा पुणं ठरलं. खासगी गाडी, तिथे पोचल्यावर गाइड, संध्याकाळी परत. गाडीसाठी मी दामूशेठना विचारायची चूक केली. त्यांची क्वालिस होती. गाडी देतो म्हणाले, पैसे घेणार नाही म्हणाले, पण चालवणार मीच म्हणाले.

पुण्यात शिरल्यापासून त्यांचा पारा चढत गेला. गाडी लावायला जागा नाही म्हणून ते चिडले, लोक एवढ्या अरुंद गल्ल्या अभिमानाने दाखवतात म्हणून चिडले. गाइड म्हणून एक किडकिडीत, चष्मेवाला, हातात छत्री घेतलेला तरुण आला. तो आम्हाला शनिवारवाड्यात घेऊन गेला. खिळ्यांचा दरवाजा दामूशेठना पसंत पडला. पण आत गेलो तर हिरवळ आणि दगडी जोती. गाइड छत्रीच्या टोकाने दाखवू लागला, इथे सात मजली महाल होता, इथे दिवाणखाना, इथे आरसे लावलेली खोली. दामूशेठ मान वळवून वळवून बघत होते.

‘‘कुठं हाय?’’

गाइड म्हणाला, वाडा आगीत जळाला. दामूशेठ तिथल्या तिथे कमरेवर हात ठेवून उभे राहिले. जळाला तर तिकीट कशाचं फाडलं, असा त्यांचा सवाल होता, आणि तो त्यांनी अख्ख्या वाड्याला ऐकू जाईल एवढ्या आवाजात केला. शाळेची एक सहल आमच्याभोवती गोळा झाली. विलासराव आमच्याशी काही संबंध नसल्यासारखे कारंज्याकडे निघून गेले. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. गाइड मात्र मुळीच रागावला नाही. तो म्हणाला, ‘‘काका, जोतं आहे ना. जोत्यावरून सगळं दिसतं. सांगणारा लागतो फक्त.’’

दामूशेठनी कमरेवरचे हात खाली घेतले. मग सबंध दिवस त्यांनी त्या पोराची पाठ सोडली नाही. त्याला गाडीत पुढे बसवलं, विलासरावांना मागे ढकललं. जेवताना त्याच्याच शेजारी बसून विचारत होते, आधी काय सांगायचं, लोकांना उभं कुठे करायचं, छत्री कशाला. पुण्याकडे त्यांनी मग ढुंकूनही पाहिलं नाही. परतताना घाट उतरल्यावर ते एकदाच बोलले. ‘‘तेंचा वाडा जलला, तरी तिकीट लावून दाखवतात. आमचं त जललं पन नाय, सायेब.’’

पुढच्या रविवारी सकाळी क्वालिस धुऊनपुसून आमच्या फाटकाशी उभी होती आणि दामूशेठच्या हातात नवी कोरी छत्री होती.

खासगी गाडीतून एक दिवसाची रोडपाली दर्शन सहल, सोबत गाइड, सगळं फुकट. दुपारी बंगल्यावर तांदळाच्या भाकऱ्या आणि वालाचं बिरडं. पहिल्यांदा लोक जेवणासाठी गेले हे कबूल केलं पाहिजे. पेट्रोल पंपावर उतरवून ते छत्रीने दाखवायचे, हे आमचं खळं, हितं भाताच्या भाऱ्यांची उडवी रचायची. एटीएमच्या रांगेतल्या लोकांना सांगायचे, तुमी वडाखाली हाव. लोखंडाच्या बाजारात ट्रेलरांच्या मधोमध उभं करून ‘हे आमचं मिठागर’ म्हणायचे, वाकून चिमूटभर माती उचलायचे आणि चाखा म्हणायचे, अजून खारट आहे. आमच्या विंगमधले एक सीए भिडेखातर चाखून आले आणि दोन दिवस थुंकत होते.

दुसऱ्या खेपेला लोक कारणं सांगू लागले. तिसऱ्या खेपेपासून रविवारी सकाळी बिल्डिंगमधली दारं-खिडक्या बंद असायची. पण दामूशेठना पाहुणे मिळायचेच. नवीन भाडेकरू, इस्टेट एजंट, कुरिअरवाला सुद्धा. खरं तर त्यांना हवं होतं एकच माणूस. गाडी काढण्याआधी दर रविवारी ते बंगल्याच्या दाराशी जाऊन हिराबाईंना विचारायचे, येतेस का. आतून दर रविवारी उत्तर यायचं, ‘‘मना नाय यायचं.’’ मग ते फाटकाशी जरा वेळ उगाच छत्री उघडमीट करत राहायचे आणि कुणीतरी परकं माणूस मागच्या सीटवर बसवून निघायचे. या सगळ्या लोकांना दाखवून काय करायचं, घरच्या एकाने तरी एकदा येऊन हो, इथेच होतं आपलं घर, असं म्हणावं, असं ते मला एकदा म्हणाले होते. मला तेव्हा त्यांची दया यायला हवी होती. पण येणार कशी? कारण सहलीचं शेवटचं ठिकाण माझा फ्लॅट होता.

आमच्या कंपाउंडात एक जुनी विहीर आहे, लोखंडी झाकणाने बंद केलेली. दामूशेठच्या हिशेबाने ती म्हात्र्यांची बाव. बावीच्या उगवतीला म्हात्र्यांचं घर. म्हणजे तळमजल्यावरचा माझा हॉल ही त्यांची ओटी. रविवारी दुपारी मी बनियनवर वरणभात कालवत असताना बेल वाजायची आणि छत्रीमागोमाग अनोळखी माणसं आत यायची. ‘‘हितं माजे बाबा बसायचे,’’ छत्रीचं टोक माझ्या खुर्चीवर. माणसं माझ्याकडे अशी बघायची, की या वास्तूत हे अतिक्रमण कधी झालं. एकाने तर फोटो काढताना मला जरा बाजूला सरकायला सांगितलं. माझ्या घरात, माझ्या ताटावरून!

त्या दिवशी माझी सहनशक्ती संपली. हात धुऊन मी थेट बंगला गाठला. दामूशेठ नव्हते. हिराबाई मागच्या अंगणात पाटावर बसून जवळा निवडत होत्या. मी सगळा राग त्यांच्यापुढे ओतला. त्या खाली मान घालून ऐकत होत्या. मधेच त्यांनी हात थांबवून विचारलं, तुमच्या हॉलमध्ये नेतात? घर तिथे होतं म्हणून सांगतात? मी म्हटलं, दर रविवारी. हिराबाईंनी पदर तोंडाला लावला. हसताहेत की काय ते मला कळेना. मग म्हणाल्या, ‘‘आयतवारी मी येते.’’

त्या रविवारी दामूशेठनी शर्ट दोनदा बदलला. त्यांनी हिराबाईंसाठी गाडीचं मागचं दार उघडून धरलं. मलाही बसवलं, तक्रार मी केली होती म्हणून. पंप झाला, एटीएम झालं, मिठागर झालं. एरवी तोंडाचा पट्टा चालवणारे दामूशेठ चाचरत बोलत होते आणि प्रत्येक वाक्यानंतर बायकोच्या तोंडाकडे बघत होते. शेवटी आम्ही आमच्या कंपाउंडात उतरलो. दामूशेठनी छत्री विहिरीकडे केली.

‘‘ही आपली बाव नाय,’’ हिराबाई म्हणाल्या.

दामूशेठच्या तोंडून सवयीने निघालं, ‘‘तुमी आत्ता...’’

‘‘पानी कोन भरायचं? तुमी मिठागरावं. दोन वगत मी भरायची. आपल्या बावीला आतून पायऱ्या होत्या. ही भिकल्याची.’’

वॉचमनला बोलावून झाकण सरकवलं. दामूशेठनी वाकून आत पाहिलं, मीही पाहिलं. खालपर्यंत सरळ दगडी भिंत, पायरी एकही नाही. आपली बाव बुजवली गेली आणि शिल्लक राहिलेल्या शेजाऱ्याच्या बावीवरून या गृहस्थांनी सबंध घर मोजलं होतं. जन्मात कधी कळशी उचलली नाही, त्याचा हा परिणाम. आणि बाव भिकल्याची, तर तिच्या उगवतीला जे होतं तेही भिकल्याचंच. इतके महिने मी लोकांचे जोडे सहन केले ते म्हात्र्यांच्या ओटीसाठी नव्हे, तर भिकल्याच्या म्हशींच्या गोठ्यासाठी. मी तोंड उघडणार होतो. पण दामूशेठचा चेहरा बघून मिटलं.

‘‘मंग आपलं कुठं?’’ त्यांनी विचारलं.

हिराबाई फाटकातून बाहेर पडल्या. आम्ही मागे. ट्रान्सफॉर्मरच्या वळणावर त्या थांबल्या, रोजच्यासारख्या चपला काढल्या आणि हातात घेतल्या.

‘‘हितं,’’ त्या म्हणाल्या. ‘‘घरात चपला घालून कोन जाते?’’

दामूशेठनी आधी त्या चपलांकडे, मग रस्त्याकडे पाहिलं. रोज सकाळी ही बाई मासळीची पिशवी घेऊन जुन्या घरातून चालत जात होती, आणि हे छत्री घेऊन लोकांना गोठा दाखवत होते. मग ते फुटपाथच्या कडेला बसले आणि पांढऱ्या बुटांच्या नाड्या सोडू लागले. एक गाठ सुटेना, ती हिराबाईंनी वाकून सोडवली. बूट आणि छत्री त्यांनी माझ्याकडे दिली. डांबर चांगलंच तापलं होतं. हिराबाई पुढे झाल्या, मागे वळून म्हणाल्या, ‘‘डोकं संबाला.’’ आणि तीन मजली बंगल्याचे मालक दामूशेठ म्हात्रे भर रस्त्यात, उन्हात, कमरेत वाकून आपल्या घराच्या ठेंगण्या दारातून आत गेले.

मागून एका रिक्षावाल्याने भोंगा वाजवला. परत वाजवला. मग डोकं बाहेर काढून मला विचारलं, ही म्हातारी माणसं रस्त्याच्या मधे काय करतायत. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात दामूशेठचे बूट, असा मी त्याच्या रिक्षासमोर जाऊन उभा राहिलो.

‘‘थांब जरा,’’ मी म्हटलं, ‘‘तू आत्ता आलास.’’