रत्नाकाकीच्या मापाचं घर

आमच्या शेजारचे आप्पा स्कूटर चालवताना सीटच्या पुढच्या टोकावर बसायचे, हँडलला पोट टेकेल इतकं पुढं. मागं सगळी सीट मोकळी. खड्डा आला की गाडी जवळजवळ थांबवायचे, मान जराशी वळवायचे आणि विचारायचे, "बसला न्हाई ना धक्का?" मागं कुणी नसायचं. मांडवगणात नव्यानं आलेल्या सुनेला घाबरवायचं असेल तर भर दुपारी नदीच्या रस्त्याला ही स्कूटर दाखवली की काम व्हायचं.

मी नवी नव्हते. सीट कुणासाठी मोकळी ते मला ठाऊक होतं. रत्नाकाकीसाठी, म्हणजे आप्पांच्या बायकोसाठी. ती जाऊन तेव्हा तीन-चार वर्षं झाली होती.

काकी केडगावच्या आश्रमात वाढलेली. आईबाप कोण, पत्ता नाही. आप्पांनी गावाशी भांडून तिच्याशी लग्न केलं, आणि मग सोसायटीचे चेअरमन होऊन घरात पाहुण्यांची रीघ लावली. पाहुणे खोलीत गादीवर, काकी चुलीपाशी पोत्यावर. पंचमीला गल्लीतल्या सगळ्या बायकांना न्यायला मुराळी यायचे. कुणाचा भाऊ, कुणाचा चुलता. काकी आमच्या पिशव्या भरायला मदत करायची आणि एसटी हलेपर्यंत हात करायची. एकदा म्हणाली, "मला बी एकदा कुणाच्या तरी घरी पाहुनी म्हणून जायचंय गं. नुसतं बसून ऱ्हायचं." हसत म्हणाली, पण आप्पांनी ते ऐकलं.

पुढं रांजणगावच्या बाजूची जमीन कंपन्यांत गेली. जो तो बंगला बांधायला लागला. सरपंचांनी टाकीवर सिमेंटचं विमान बसवलं, त्यांच्या भावानं चिडून दोन बसवली. आप्पांनी भीमेच्या काठाला जे बांधलं ते रस्त्यावरून खताचं गोडाऊन वाटायचं. काळा दगड, ना रंग ना नक्षी. पुण्याच्या इंजिनीअरनं दर्शनी खांब सुचवले, तर आप्पांनी त्याला चहा पाजून एसटीत बसवून दिलं. म्हणाले, "डोळ्याला न्हाई, अंगाला कळलं पायजे."

अंगाला कळायचं खरं. आत पाऊल टाकलं की ऊन बाहेरच राहायचं. फरशी हातानं घासून अशी मऊ केलेली की चप्पल परत घालू नये वाटे. दिवे कुठं दडवलेत ते दिसत नसे, नुसता उजेड. खिडकीतून नदी दिसे, पण नदीवरून खिडकी दिसत नसे. आणि दारं. ती मिटताना चकार आवाज करत नसत. आपण बोलत उभं असावं, मागं वळून बघावं, तर दार लागलेलं. मला ते मुळीच आवडायचं नाही.

त्यात सगळं घर बुटकं. आरसा माझ्या गळ्याशी संपायचा. खुंट्या कमरेच्या जरा वर, पलंग गुडघ्याखाली, न्हाणीत बसायचा दगडी ओटा एवढासा. मी विचारलं, "आप्पा, पाहुण्यांसाठी बांधलंय का बालवाडीसाठी?" त्यांनी कोपऱ्यातली बांबूची काठी दाखवली. तिच्यावर विळ्यानं केलेल्या खुणा होत्या. पाया भरत असताना काकीला उभं करून आप्पांनी तिचा खांदा, कोपर, गुडघा मापून घेतला होता. स्लॅब पडायच्या आत काकी तापानं गेली. काठी राहिली, आणि घर त्या काठीवरच पुरं झालं.

आप्पा स्वतः तिथं एक दिवस राहिले नाहीत. जुन्या तीन खोल्यांतच. पण रोज सकाळी जाऊन न्हाणीत पाणी तापवायचे, पलंगावर धुतलेली चादर घालायचे आणि दुपारी पाणी ओतून द्यायचे. विचारलं की म्हणायचे, "पाहुनी यायचीय अजून."

आमचे हे रांजणगावला कंपनीत, ॲडमिनला. साहेबांना परदेशी पाहुण्यांसाठी एखादं घर पाहिजे होतं, तर ह्यांनी आप्पांचं नाव सुचवलं. आप्पा ह्यांना नाही म्हणाले नाहीत. म्हणाले, "एकदा पाहुनी येऊन जाऊ दे. मग खुशाल न्या."

तरी साहेब बघायला आले. दिल्लीकडचे. भिंतींवर हात फिरवत "क्लास, क्लास" म्हणत एकटेच आतल्या खोलीत गेले. थोड्या वेळानं बाहेर आले ते तोंड पुसत. "अंदर कोई रहता है क्या?" म्हणाले, न्हाणीतला टॉवेल ओला आहे आणि चादरीवर कुणी आत्ताच उठून गेल्यासारखा खळगा आहे. आप्पा शांतपणे म्हणाले, "टावेल मी सकाळी कोरडा ठेवलाय." साहेब चहाला थांबले नाहीत.

मी आपली मनाची समजूत घातली, की आप्पा विसरत असतील. पण त्या दिवसापासून मी त्या रस्त्यानं एकटी जाईनाशी झाले.

मग पंचमी आली. माझा भाऊ दौंडहून मला न्यायला यायचा होता. पिशवी भरून मी ओट्यावर बसले होते. आप्पा पांढरा फेटा बांधून बंगल्याकडून स्कूटरवर आले, स्वतःच्याच घराच्या दारात उभे राहिले आणि आत बघून म्हणाले, "मुराळी आलाय. आवर." बाईला लुगडं बदलायला लागतो तेवढा वेळ थांबले. मग सीटच्या टोकावर बसून हळूहळू नदीकडं गेले. अर्ध्या तासानं तसेच हळू परत आले, तोंड उतरलेलं. हे दर पंचमीला चालायचं. त्या दिवशी मी विचारलंच.

"तशी चोरून येऊन अंग धुऊन जाती, पन मुराळ्यासंगं दाराशी गेली की आत पाऊल टाकत न्हाई," आप्पा म्हणाले. "माहेरात बाईमाणूस नको का, तुकडा ओवाळून आत घ्यायला? मी मुराळी झालो. आईबी मीच कसा व्हनार? लाजाळू हाय ती. कुणी ये म्हनल्याबिगर पाहुनी म्हनून यायची न्हाई."

आमचे हे आतून ऐकत होते. हळूच म्हणाले, "अगं, ओवाळ की एकदा. घर मिळून जाईल." अशी चीड आली मला. ह्यांच्याकडं न बघता मी टोपलीतली भाकरी आणि पाण्याचा तांब्या उचलला आणि आप्पांना म्हटलं, "परत घेऊन या तिला. मी पुढं होते."

भर दुपार होती. बंगल्याच्या दारात मी एकटी उभी. स्कूटर आली. मी पुढं होऊन मोकळ्या सीटवरून भाकरीचा तुकडा ओवाळला, बाजूला टाकला आणि जमिनीवर पाणी ओतलं. पुढं काय बोलावं सुचेना. मग माझी आई मला जे म्हणते तेच तोंडातून आलं, "दमलीस गं बाई. ये, आत ये."

स्कूटरची स्प्रिंग कुरकुरली आणि मागचा भाग जरासा वर आला. आप्पा जागचे हललेही नव्हते. मी दारातून बाजूला सरले, कारण वाटेत उभं राहणं बरं दिसलं नसतं. माझ्यामागं दार आवाज न करता मिटलं.

मला वाटलं आप्पा आत जातील. त्यांनी फेट्याच्या शेमल्यानं डोळे पुसले. म्हणाले, "माझं काय काम आत? माहेरी आलीय ती." गाडी वळवली. मग थांबून, नव्या जावयासारखं खाली बघत त्यांनी मला विचारलं, "न्यायला कवा येऊ?"

मी म्हटलं, "आप्पा, पहिल्यांदाच आलीय. राहू दे चार दिवस. आम्ही पाठवू."

"व्हय व्हय, ऱ्हाऊ द्या," म्हणाले आणि निघाले. सीटवर मधोमध बसून, खड्डे न बघता. लग्नानंतर पहिल्यांदाच ते घरात एकटे राहणार होते.

संध्याकाळी माझा भाऊ आला. निघताना ह्यांनी विचारलं, "आता साहेबांना काय सांगू?"

मी पिशवी उचलत म्हटलं, "त्यांनी विचारलं होतं ना, आत कुणी राहतं का? राहतं म्हणावं."