मूर्च्छेची काठी

मूर्च्छा किती डाव टिकावी, हा प्रश्न एकदाचा निकालात काढायचं कामरगावच्या जगदेवरावांनी त्या रविवारी सकाळी ठरवलं. साल चौऱ्याहत्तर. शाळेतली कारकुनी सांभाळून त्यांनी स्वतःच्या डोक्यातून एक खेळ काढला होता. प्रत्येकाने एकेक सोंग घ्यायचं, त्या सोंगाला शोभेल असं बोलायचं आणि कवड्या टाकून किल्ले जिंकायचे. राजा अर्थातच जगदेवराव. धाकटी बहीण बेबी सेनापती. बायकोला, प्रयागला, त्यांनी चेटकीण केलं होतं (त्यामागचं कारण त्यांनी एकदाच सांगितलं, पुन्हा सांगायची हिंमत झाली नाही).

ज्याला दान पडेल त्याच्या हाती मूर्च्छेची काठी यायची. काठी लागलेला गडी आधीच्या नियमाने तीन डाव बेशुद्ध राहायचा. प्रयागने राजाला आडवं पाडून चार किल्ले घेतले, तेव्हा जगदेवरावांनी तीन डावांचा एकच डाव केला. पुढच्या रविवारी काठी त्यांच्याच हाती आली आणि एक डाव त्यांना फारच तोकडा वाटू लागला. म्हणून आज त्यांनी वहीत लाल शाईने लिहिलं, ‘मूर्च्छित गड्याच्या हातून सातही कवड्या उताण्या पडेपर्यंत मूर्च्छा उतरणार नाही.’

"अन् तोंडाचं काय?" प्रयाग म्हणाली. "बेसुद पडल्यावरबी तुमी बोलूनच राह्यता. बेसुद मानूस बोलते काय?"

मुद्दा न्यायाचा होता. मूर्च्छिताने बोलायचं नाही, हेही जगदेवरावांनी लिहिलं, खाली सही ठोकली आणि नियम मोडणाऱ्याने या खेळाला जन्मात हात लावायचा नाही, अशी शपथ तिघांनी घेतली.

पहिल्याच डावात प्रयागने त्यांना काठी मारली.

तेवढ्यात दारातून आवाज आला, "जगदेवराव हायेत का घरी?"

आसेगावचे नानाजी आणि त्यांची बायको कस्तुराबाई आपल्या मुलासाठी बेबीला पाहायला उद्या येणार होते. ते आजच आले. पट खाटेखाली गेला, कवड्या प्रयागच्या पदराच्या गाठीत गेल्या आणि यजमान खाटेवर मूर्च्छित बसून राहिले.

बेबीची याआधी तीन स्थळं मोडली होती आणि तिन्ही वेळा बोलणी जगदेवरावांनी केली होती. एका पाहुण्याला तर त्याने सांगितलेलं त्याच्याच बैलाचं वय चुकीचं आहे, हे त्यांनी तासभर पटवून दिलं होतं. त्या दिवशी बेबी जेवली नव्हती. हे सगळं त्यांना आठवत होतं. त्यात आपला काही हात असेल, असं मात्र त्यांना कधी वाटलं नव्हतं.

"पाऊसपानी कसं हाय यंदा?" नानाजींनी विचारलं.

जगदेवरावांनी पदराच्या गाठीकडे बोट दाखवलं. प्रयागने त्यांच्या हातात चहाची बशी दिली.

"बरं हाय जी," ती पाहुण्यांना म्हणाली.

मग मुलीचं शिक्षण, शेत, मानपान, सगळं तिनेच सांगितलं. अर्ध्या तासात उरकलं. कस्तुराबाईंनी मान हलवली आणि नानाजी म्हणाले, "पोरगी पसंत हाय आमाले."

जगदेवरावांचे डोळे भरून आले. एवढ्या आनंदाच्या वेळी चार शब्द बोललेच पाहिजेत, म्हणून त्यांनी तोंड उघडलं. बेबीने मान खाली ठेवूनच भावापुढे हात जोडले. जगदेवरावांनी तोंड मिटलं. त्यांना फार वाईट वाटलं, आणि बहिणीसाठी फार बरंही वाटलं.

निघताना नानाजींनी त्यांचे दोन्ही हात हातात घेतले.

"भाऊ, मन लहान करू नका. जीब चालत नाई, यात मानसाचा काय दोष? आमच्या आसेगावात एक वैदू हाय, मुक्याले बोलतं करते. लगनाआधी घेऊनच येतो मी त्याले."

पाहुणे आल्यापासून बेबी एक शब्द बोलली नव्हती. ती आणि प्रयाग एकदम ओरडल्या, "नको!"