एकदा लिहलं, पुन्हा नाई

कुरखेड्याला आमच्या गच्चीवर पापड वाळत घातले की त्यांच्या कडेला चार-पाच काळे किडे बसलेले दिसायचे. पहिल्यांदा मी हाकलायला गेले, तर ते किडे नव्हते. शेजारच्या मनोहरभाऊंच्या चिपा होत्या.

"राहू द्या बाई, पुसून राह्यल्या," भाऊ अंगणातून म्हणाले.

त्या चिपेच्या पाठीवर काचेची एवढीशी खिडकी असते. तिच्यावर आठवडाभर कडक ऊन पडलं की आतला प्रोग्राम पुसला जातो आणि चिप पुन्हा वापरता येते. पुसायचा नसेल तर खिडकीवर काळी पट्टी चिकटवायची. शहरात पुसायला खास दिवा मिळतो म्हणे. आमच्याकडे एप्रिल होता.

मनोहरभाऊ शाळेत गणित शिकवायचे आणि उरलेल्या वेळात या चिपांवर टाकी भरल्याचा भोंगा, रानडुकरं पळवायचा दिवा असलं काहीबाही बनवायचे. चिपेत जागा जेमतेम. म्हणून एक काम दोनदा लिहायचं नाही. एकदा लिहून त्याला नंबर द्यायचा, मग लागेल तिथे नुसता नंबर. "एकदा लिहलं, पुन्हा नाई," हे त्यांचं पालुपद.

हे चिपेपुरतं ठेवलं असतं तर बरं होतं. कसे आहात विचारलं की ते एक बोट दाखवायचे. म्हणजे, बरा आहे, चहा नको. दोन बोटं म्हणजे माय झोपली आहे, नंतर या. तीन बोटांचा अर्थ मी विसरले आणि पुन्हा विचारला. "सांगतलं होतं," म्हणाले. तो अर्थ मला अजून ठाऊक नाही. भाऊ एकदा लग्नासाठी मुलगी बघायला गेले होते. तिच्या मामाने पगार दोनदा विचारला, तेव्हा हे उठून आले.

घरात ते आणि त्यांची माय, दोघंच. मायला गेलेलं माणूस कोण आणि असलेलं कोण, हे कळेनासं झालं होतं. पण मोहफुलांचा मोसम बरोबर कळायचा. उजाडायच्या आत टोपली घेऊन जंगलाकडे निघायची. त्याच वेळी त्याच झाडांखाली अस्वलंही येतात. मी म्हटलं, कुलूप लावा. भाऊंनी दाराशी चिपेवर चालणारं यंत्र टांगलं: दार उघडलं की त्यांच्या उशाशी भोंगा.

एका सकाळी भोंगा वाजलाच नाही. भाऊ माझ्या दारात आले, बोट-बिट काही नाही.

"बाई, माय नाई घरी. माय नाई घरी."

दोनदा म्हणाले, तेव्हा मी घाबरले. मोपेड काढली, त्यांना मागे बसवलं. नाल्यापलीकडच्या पहिल्याच मोहाखाली माय बसली होती, टोपली अर्धी भरलेली. अस्वल नव्हतं.

"इतक्या उशिरा काऊन आला?" माय लेकाला म्हणाली. "फुलं काय माह्या बापानं वेचाचे?"

घरी येऊन यंत्र पाहिलं. चिपेवरची काळी पट्टी गायब. मायनेच काढली होती. जखम बरी झाली असेल, आता कशाला पट्टी, असं तिला वाटलं. उघड्या दारातून रोज ऊन येत राहिलं आणि पापडांजवळच्या चिपांसारखी हीसुद्धा कोरी झाली. भाऊ डोक्याला हात लावून हसले. त्यांना हसताना मी तोवर पाहिलं नव्हतं.

मी पुन्हा म्हटलं, आता तरी कुलूप लावा.

"भोंगा मायले अडवाले नाई बाई, मले उठवाले हाये," ते म्हणाले. "संगं जातो ना मी."

नवी चिप बसली, पट्टीवर पट्टी लावून. पहाटे भोंग्याने मलाही जाग आली, म्हणून दारात गेले. माय टोपली घेऊन पुढे, भाऊ बॅटरी आणि वाजवायला पत्र्याचा डबा घेऊन मागे.

"बापू, तुहे बाबा आले काय धानाच्या बांधीवरून?"

बाबांना जाऊन वर्षं झाली होती.

"येऊन राह्यले माय. बैलं सोडतीन, पाय धुतीन, मंग येतीन."

चार पावलांवर तिने तेच विचारलं. भाऊंनी तेच सांगितलं, बैलांपासून, एक शब्द न गाळता. पुन्हा विचारलं, पुन्हा सांगितलं.

दोघं वळणाआड गेले तेव्हा बैल पुन्हा सुटत होते. मी आत जाऊन निश्चिंत झोपले.